रणांगण पाहिलेला नेता आणि युद्धाचा निर्णय

प्रश्न असा आहे: ज्या नेत्याने स्वतः रणांगण पाहिले आहे, तो राष्ट्राला युद्धात लोटण्यापूर्वी अधिक विचार करतो, की हात सरावलेला असल्यामुळे शस्त्राकडे लवकर वळतो? आणि ज्याने उभ्या आयुष्यात शत्रूची गोळी कानाजवळून गेलेली ऐकली नाही, त्याच्या हाती हा निर्णय असणे धोक्याचे आहे का? मी बरीच वर्षे पायदळात काढली आणि नंतर अधिकाऱ्यांना युद्धविषयक निर्णयप्रक्रिया शिकवली. हा प्रश्न प्रत्येक वर्गात कोणी ना कोणी विचारीतच असे, आणि ‘सैनिकालाच शांततेची खरी किंमत कळते’ हे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आधीच तयार असे. ते ऐकायला बरे वाटते, परंतु इतिहासाशी ताडून पाहिल्यावर फारसे टिकत नाही. माझे मत असे की लढाईच्या अनुभवावरून नेता युद्धाकडे झुकेल की शांततेकडे, हे आधी सांगता येत नाही. अनुभवाचा खरा परिणाम दिसतो तो सल्ला ऐकण्याच्या पद्धतीवर, म्हणजे नकाशासमोर उभ्या असलेल्या सेनापतीला तो कोणते उलट प्रश्न विचारतो यावर. काहींचे कान अनुभवाने तयार होतात आणि काहींचे त्याच अनुभवाने कायमचे बंद होतात.

पहिल्या महायुद्धातून आलेली पिढी याचा सर्वांत चांगला पुरावा आहे, कारण पुढे एकमेकांसमोर उभी ठाकलेली अनेक माणसे एकाच युद्धाच्या चिखलातून वर आली होती. हिटलर पश्चिम आघाडीवर निरोप्या शिपाई होता. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत तो जखमी झाला, १९१८ मध्ये त्याला प्रथम श्रेणीचा आयर्न क्रॉस मिळाला आणि युद्ध संपता संपता विषारी वायूचा तडाखाही त्याला बसला. फ्रान्सचे एदुआर्द दलादिए व्हर्दूनला लढले होते, आणि १९३८ मध्ये युद्ध टाळण्यासाठी चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देणाऱ्या म्युनिकच्या करारावर सही करणाऱ्यांत ते होते. त्याच करारावर सही करणारे ब्रिटनचे नेव्हिल चेंबरलेन मात्र कधीही सैन्यात नव्हते. युद्ध टाळण्यासाठी त्यांच्याइतके कष्ट त्या काळात क्वचितच कोणी घेतले असतील. म्हणजे खंदकातून आलेला एक नेता जग पेटवायला निघाला, दुसरा त्याच खंदकाच्या आठवणीने मागे सरला, आणि ज्याने खंदक पाहिलाच नव्हता तोही मागेच सरला.

अँथनी ईडन यांचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ईडन यांनी पहिल्या महायुद्धात कोवळ्या वयात पायदळात मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळवले आणि त्याच युद्धात दोन भाऊ गमावले. युद्धाची किंमत त्यांना माहीत नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. तरीही १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्यावर पंतप्रधान ईडन यांनी फ्रान्स आणि इस्रायल यांच्याशी गुप्त संगनमत करून सैन्य पाठवले. त्या निर्णयामागे १९१६ ची आठवण नव्हती, १९३८ ची होती. त्या वर्षी चेंबरलेन यांच्या धोरणाशी न पटल्याने त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडले होते, आणि हुकूमशहाला वेळीच रोखले नाही तर पुढे दसपट किंमत मोजावी लागते हा धडा त्यांच्या मनावर कोरला गेला होता. तरुणपणी रणांगणात शिकलेल्या गोष्टीवर प्रौढपणी मंत्रालयात शिकलेली गोष्ट मात करू शकते. चरित्रकार लढाईच्या प्रसंगांवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करतात, म्हणून वाचकाला हे सहसा लक्षात येत नाही.

निवडक उदाहरणांवरून काहीही सिद्ध करता येते, त्यामुळे मोठ्या संख्येने केलेल्या अभ्यासांकडे वळणे भाग आहे. मायकेल होरोविट्झ आणि ॲलन स्टॅम या अभ्यासकांनी १८७५ ते २००४ या काळातील सुमारे अडीच हजार राष्ट्रप्रमुखांच्या पूर्वायुष्याची माहिती एकत्र केली आणि त्यांच्या कारकिर्दीत लष्करी संघर्ष कोणी सुरू केले हे तपासले. संघर्ष सुरू करण्याकडे सर्वाधिक कल असलेले दोन गट त्यांना आढळले. एक गट सैन्यात नोकरी केलेल्या, परंतु प्रत्यक्ष लढाई न पाहिलेल्या नेत्यांचा होता, आणि दुसरा पूर्वाश्रमीच्या बंडखोरांचा.

पहिल्या गटाबद्दलचा निष्कर्ष वाचून माझ्यासारख्या माणसाला आश्चर्य वाटले नाही. शांतताकाळातील सैन्य सराव करते, आणि सरावात सारे काही वेळापत्रकाप्रमाणे घडते. पूल मोडल्याचे पंच जाहीर करतो, अर्ध्या तासाने तो दुरुस्त झाल्याचेही तोच जाहीर करतो, ‘मृत’ झालेले जवान सावलीत बसून चहा पितात आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सराव संपतो. अशा वातावरणात वर्षे घालवलेल्या माणसाला शस्त्रसामग्रीची ओळख होते, योजनेची भाषा अवगत होते आणि आपल्या संस्थेवर त्याचा विश्वास बसतो. पहिल्या गोळीनंतर त्या योजनेचे काय होते, हे मात्र त्याने पाहिलेले नसते. प्रत्यक्ष चकमकीत मला पहिली जाणीव झाली ती भीतीची नव्हती, तर अज्ञानाची होती. दोनशे मीटरपलीकडे काय चालले आहे ते कळत नाही, वायरलेसवर येणारी निम्मी माहिती चुकीची असते, आणि मागे बसलेला वरिष्ठ त्याच माहितीवर पुढचा हुकूम देत असतो. हे ज्याने एकदा अनुभवले, त्याला ‘अठ्ठेचाळीस तासांत काम फत्ते होईल’ असे कोणी सांगितले की तो निदान भुवई तरी उंचावतो. अर्धवट परिचय असलेल्याला तेच वाक्य खात्रीशीर वाटते, आणि पूर्ण अनभिज्ञ माणसाला ते तपासून घ्यावे असे वाटण्याची शक्यता त्याच्याहून जास्त असते.

बंडखोरांची गोष्ट वेगळी आहे. चीनचे माओ किंवा उत्तर कोरियाचे किम इल सुंग यांच्यासारख्या माणसांना आयुष्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती, ती म्हणजे सगळी गणिते विरोधात असतानाही चिकाटीने जिंकता येते. ज्यांना त्याच चिकाटीचे फळ मृत्यूच्या रूपाने मिळाले, ते राष्ट्रप्रमुख झालेच नाहीत. युद्धातून जिवंत परतून सत्तेपर्यंत पोहोचलेल्यांचाच अनुभव आपण मोजत असतो, आणि ही चाळणी केवळ बंडखोरांना लागू नाही. जोखीम घेण्याची वृत्ती असलेली माणसेच पुष्कळदा स्वतःहून आघाडीवर जातात आणि पुढे राजकारणातही तीच वृत्ती दाखवतात. तेव्हा त्या वृत्तीचे श्रेय लढाईला द्यावे की मूळ स्वभावाला, याचा निवाडा आकडेवारीच्या आधारे पूर्णपणे होत नाही.

अमेरिकेपुरता असाच एक अभ्यास पीटर फीव्हर आणि क्रिस्टोफर गेल्पी यांनी १८१६ ते १९९२ या काळावर केला. मंत्रिमंडळ आणि काँग्रेस (अमेरिकी संसद) यांत सैन्यसेवा केलेल्यांचे प्रमाण जेव्हा जास्त असे, तेव्हा त्या देशाने स्वतःहून लष्करी संघर्ष सुरू करण्याची शक्यता कमी दिसली, परंतु एकदा बळ वापरायचे ठरले की ते अधिक मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, रिचर्ड बेट्स यांनी शीतयुद्धातील पेचप्रसंगांबद्दल जवळपास असेच दाखवून दिले होते: हस्तक्षेप करावा की नाही या प्रश्नावर सेनाधिकारी मुलकी सल्लागारांपेक्षा अधिक उतावीळ नव्हते, परंतु उतरायचेच असेल तर हात आखडता घेऊ नये असा त्यांचा आग्रह असे. १९९१ च्या आखाती युद्धात हे दोन्ही गुण एकत्र दिसतात. व्हिएतनाममध्ये लढलेले, तेव्हाचे संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष कॉलिन पॉवेल आधी आर्थिक निर्बंधांना वेळ द्यावा या मताचे होते, आणि युद्ध ठरल्यावर पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक तेथे उभे करण्यात आले. अध्यक्ष थोरले बुश हे १९४४ मध्ये प्रशांत महासागरावर विमान पाडले गेलेले आणि त्यात दोन सहकारी गमावलेले नौदल वैमानिक होते. त्यांनी जमिनीवरील लढाई सुमारे १०० तासांत थांबवली.

इथे वाचकाला वाटेल की मी अनुभवाच्या बाजूने झुकू लागलो आहे. म्हणून लगेच दुसरा प्रसंग सांगतो. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याचा अधिकार देणारा ठराव अमेरिकी सेनेटपुढे आला. व्हिएतनाममध्ये एक हात आणि दोन्ही पाय गमावलेले मॅक्स क्लीलंड यांनी त्याच्या बाजूने मत दिले. पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदेत काढलेले मॅककेन, तसेच तेथेच लढलेले केरी आणि हेगेल यांनीही बाजूनेच मत दिले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत हात गमावलेले डॅनियल इनूये यांनी विरोधात मत दिले. शरीरावर युद्धाच्या खुणा वागवणारी माणसे दोन्ही बाजूंना होती. निवडणूक, पक्ष, त्या वेळचे लोकमत आणि हाती आलेली गुप्त माहिती यांचे वजन जखमांपेक्षा जास्त भरले, असेच म्हणावे लागते.

एकाच माणसाचे दोन निर्णय शेजारी ठेवले तर अनुभवाचे काम अधिक स्पष्ट दिसते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांची छोटी टॉर्पेडो नौका ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेच्या धडकेने दुभंगली, दोन खलाशी मरण पावले आणि उरलेल्यांना त्यांनी पोहत बेटावर नेले. हा अनुभव एप्रिल १९६१ मध्येही त्यांच्या गाठीशी होता. तरीही क्यूबन निर्वासितांना उतरवून कॅस्ट्रो यांची सत्ता उलथण्याची ‘बे ऑफ पिग्ज’ची योजना पुढे आली तेव्हा त्यांनी ती पुरेशी उलटतपासणी न करता मंजूर केली आणि ती साफ फसली. दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडली. सेनाप्रमुख हवाई हल्ल्याचा आग्रह धरीत होते. या वेळी केनेडी यांनी त्यांचे ऐकून घेतले, हल्ल्यानंतर समोरचा काय करील हे पुन्हा पुन्हा विचारले आणि अखेर सागरी नाकेबंदीचा मार्ग निवडला. लढाईचा अनुभव दोन्ही वेळी तोच होता. मधल्या काळात वाढला होता तो तज्ज्ञांच्या आश्वासनावर विसंबून तोंडघशी पडण्याचा अनुभव. त्याच दिवसांत सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी पाठवलेल्या पत्रात, आपण दोन युद्धांत भाग घेतला आहे आणि गावे-शहरे उद्ध्वस्त केल्यावाचून युद्ध थांबत नाही हे आपल्याला माहीत आहे, अशा आशयाचा मजकूर होता. तो प्रामाणिक होता असे मी मानतो. परंतु ती क्षेपणास्त्रे क्यूबात पाठवण्याचा निर्णयही त्याच ख्रुश्चेव्ह यांनी घेतला होता.

सेनापती आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले आयझेनहॉवर यांचे उदाहरण मी वर्गात नेहमी शेवटी काढीत असे, कारण ते ऐकून विद्यार्थ्यांची गृहीतके डळमळत. हा माणूस पहिल्या महायुद्धात मायदेशात रणगाडा दलाच्या प्रशिक्षण छावणीवर होता. खंदकात उभे राहून गोळीबार झेलण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. त्या अर्थाने ते ‘लढाई न पाहिलेले सैनिक’ ठरतात आणि वर सांगितलेल्या अभ्यासातील धोक्याच्या गटाजवळ जातात. परंतु पश्चिम युरोपातील दोस्त सैन्याचे सरसेनापती म्हणून लाखो माणसांच्या आयुष्याची जबाबदारी त्यांनी उचलली होती, आणि प्रत्येक सेनापती आपल्या आघाडीसाठी जास्तीचे इंधन, जास्तीचे सैन्य आणि जास्तीची खात्री कशी मागतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९५४ मध्ये व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्य वेढले गेले तेव्हा संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष ॲडमिरल रॅडफर्ड हवाई हल्ल्याला अनुकूल होते. कोरियात लढाईचे नेतृत्व केलेले भूदलप्रमुख जनरल रिजवे यांनी मात्र त्या भूप्रदेशात उतरायचे तर रस्ते, बंदरे आणि मनुष्यबळ किती लागेल याचा हिशोब मांडून विरोध केला. आयझेनहॉवर यांनी मित्रराष्ट्रांच्या आणि काँग्रेसच्या सहमतीची अट घातली, ती पुरी झाली नाही आणि हस्तक्षेप झाला नाही. कोणत्या सेनापतीचे म्हणणे उत्साहातून येते आणि कोणाचे हिशोबातून, हे त्यांना ओळखता येत होते. ही पारख खंदकात मिळतेच असे नाही. ती परिणामांची जबाबदारी वाहिल्याने येते.

आता बंद झालेल्या कानांकडे पाहू. डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोसमोर जर्मन सैन्य मागे रेटले जाऊ लागले तेव्हा हिटलरने जागा न सोडण्याचा हुकूम दिला. आघाडी कोसळली नाही, त्यामुळे सेनानींपेक्षा आपल्यालाच युद्ध अधिक कळते ही त्याची समजूत पक्की झाली, आणि पुढच्याच वर्षी स्टालिनग्राडला वेढल्या गेलेल्या सहाव्या सैन्याला तोच हुकूम मिळाला. आघाडीवर काढलेली वर्षे हे त्याच्या दृष्टीने अधिकाऱ्यांना गप्प बसवण्याचे साधन होते. याहून सौम्य, पण त्याच जातीचा फरक अमेरिकी यादवी युद्धात दिसतो. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस हे लष्करी अकादमीचे पदवीधर होते, मेक्सिकोच्या युद्धात जखमी झालेले होते आणि माजी युद्धमंत्री होते. उत्तरेचे लिंकन यांच्या नावावर १८३२ मधील काही महिन्यांच्या स्वयंसेवेखेरीज काही नव्हते, आणि तेव्हा आपली लढाई केवळ डासांशी झाली अशी थट्टा ते स्वतःच करीत. लिंकन यांनी ग्रंथालयातून युद्धशास्त्राची पुस्तके आणून वाचली, सेनापती बदलत बदलत योग्य माणूस शोधला. डेव्हिस मात्र आपल्या जुन्या अनुभवावर आणि जुन्या मित्रांवर विसंबून राहिले, अशी टीका अनेक इतिहासकार करतात.

मराठी वाचकाला इथे पानिपत आठवल्यावाचून राहणार नाही. १७६० मध्ये उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या बळावर निजामाचा पराभव झाला, आणि त्याच वर्षी सदाशिवरावभाऊ उत्तरेत उतरले. जड सामान व कबिला मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे हा मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांचा सल्ला त्यांनी मानला नाही, असे परंपरेने सांगितले जाते. पानिपतच्या पराभवाची कारणे याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहेत आणि सगळे खापर भाऊंच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. परंतु ताज्या विजयाने एकाच पद्धतीवर विश्वास बसतो, हा धोका मात्र खरा आहे. पराभव पाहिलेला सेनानी निदान शंका घेतो. एकदाच आणि सहज जिंकलेल्याला शंका घेण्याची गरज वाटत नाही.

ज्यांनी लढाई पाहिलीच नाही त्यांच्याबद्दल काय म्हणावे? १९७१ मध्ये इंदिरा गांधी यांना लष्करी अनुभव मुळीच नव्हता. जनरल माणेकशा १९४२ मध्ये ब्रह्मदेशात गंभीर जखमी झालेले आणि मिलिटरी क्रॉस मिळवलेले सेनानी होते. पावसाळा तोंडावर आहे, उत्तरेकडील खिंडी मोकळ्या असताना चीनकडेही लक्ष ठेवावे लागेल, सैन्याला तयारीला वेळ हवा, असे आपण एप्रिलमध्येच सांगितल्याचे त्यांनी पुढे वारंवार कथन केले. त्या बैठकीच्या तपशिलाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत आणि पंतप्रधानांचाही तेव्हा लगेच युद्ध करण्याचा विचार नव्हता असे काहींचे म्हणणे आहे. वादापलीकडची गोष्ट एवढीच की मधले महिने तयारीत आणि राजनैतिक हालचालींत गेले, युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. याउलट २००६ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट आणि संरक्षणमंत्री पेरेत्झ या दोघांकडेही वरिष्ठ लष्करी नेतृत्वाचा अनुभव नव्हता, आणि लढाऊ वैमानिक राहिलेल्या सरसेनापती हालुत्झ यांचा सल्ला मानून लेबनॉनमध्ये कारवाई घाईने सुरू झाली. पुढे विनोग्राड चौकशी आयोगाने तिघांवरही ठपका ठेवला. सविस्तर योजना न मागताच निर्णय झाला आणि अनुभव नसतानाही पंतप्रधानांनी पुरेसा विचारविनिमय केला नाही, असा आयोगाचा आक्षेप होता. अनुभवाचा अभाव ओल्मर्ट यांना नडला तो न विचारल्यामुळे, आणि सरसेनापतींचा वैमानिकी अनुभव त्या उणिवेची भरपाई करू शकला नाही.

लढलेल्या नेत्याला आणखी एक लाभ होतो आणि त्याचा त्याच्या मतांशी फारसा संबंध नसतो: माघार घेतली तरी त्याला भित्रा म्हणणे अवघड जाते. व्हर्दूनला जखमी होऊन युद्धकैदी झालेले फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल १९६२ मध्ये अल्जीरिया सोडू शकले. आयझेनहॉवर १९५३ मध्ये कोरियात बरोबरीवर युद्धविराम स्वीकारू शकले. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धातील सरसेनापती राबिन १९९३ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान म्हणून पॅलेस्टिनी नेते अराफात यांच्याशी हस्तांदोलन करू शकले. तरी १९९५ मध्ये त्यांची हत्या झालीच, तेव्हा या कवचालाही मर्यादा आहे. लष्करी पार्श्वभूमी नसलेल्या नेत्याला तोच समझोता करताना प्रथम स्वतःचा कणखरपणा सिद्ध करावा लागतो, आणि या सिद्धतेच्या ओढीत काही युद्धे ओढवतात असे मला वाटते.

आता ‘आजच्या नेत्यांपैकी फार थोड्यांनी युद्ध पाहिले आहे, मग काय करायचे’ या उपप्रश्नाकडे वळतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी काँग्रेसमधील ७० टक्क्यांहून अधिक सदस्य माजी सैनिक होते. आज ते प्रमाण एक पंचमांशाहूनही कमी आहे. सक्तीची भरती संपलेल्या बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने हेच घडले आहे. परंतु स्वतः लढणे हा युद्धाची झळ लागण्याचा एकमेव मार्ग नाही. विसाव्या शतकातील चार युद्धांच्या काळात अमेरिकी लोकप्रतिनिधींनी सक्तीच्या भरतीसंबंधी केलेल्या मतदानाचा एक अभ्यास झाला आहे. त्यात भरतीच्या वयाचा मुलगा असलेल्यांची तुलना त्याच वयाची मुलगी असलेल्यांशी केली होती. मुलग्यांचे वडील भरतीला कमी पाठिंबा देत, आणि मुलगा भरतीची वयोमर्यादा ओलांडून गेला की तो पाठिंबा पुन्हा वाढे. या वडिलांपैकी कोण स्वतः लढले होते आणि कोण नाही, याची गरजच त्या तुलनेत पडली नाही.